गुलमर्गचा बर्फ : दोरीपलीकडच्या उतारावर स्की घालण्याआधी

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलात, म्हणजे रोपवेच्या डब्यात, बसलं की आधी कोंगडोरीचं स्थानक लागतं, आणि दुसऱ्या टप्प्यात तुम्ही अफरवत पर्वताच्या धारेखाली जवळजवळ ३,९५० मीटरवर उतरता. पायांना कष्ट शून्य. एरवी बॅककंट्री, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेर स्कीइंग, करणारे लोक एवढी उंची गाठायला अर्धा दिवस चढतात आणि त्या चढाईत पायाखालचा बर्फ त्यांना बरंच काही सांगून जातो : कुठे कडक आहे, कुठे पोकळ वाजतो, वाऱ्याने कुठे साठवला आहे. गुलमर्गला ही ओळख होतच नाही. गोंडोलाचं दार उघडतं, स्की अडकवायची, धारेने थोडं आडवं सरकलं की स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांच्या सुरक्षा पथकाने, तपासलेली आणि दोरीने आखलेली हद्द संपली. पुढचे सगळे निर्णय तुमचे.

८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग परिसरात हिमस्खलनात १७ जवान गेले. ते लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे, म्हणजे बर्फातच प्रशिक्षण घेणारे लोक होते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर मरण पावले. १९ परदेशी आणि दोन स्थानिक गाईड वाचले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीअर गेला. तेव्हा गुलमर्गमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू होत्या आणि गाव माणसांनी भरलेलं होतं. यांतल्या कुणालाही नवशिके म्हणता येणार नाही.

हा लेख ज्यांना तयार उतारांवर आत्मविश्वासाने स्कीइंग येतं आणि आता गोंडोलाजवळच्या तपासलेल्या खोऱ्याबाहेर जायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. लेख वाचून कुणी तयार होत नाही. हिमस्खलनाचा तीन दिवसांचा प्राथमिक कोर्स आधी करा. तिथे काय शिकायचं आणि प्रत्यक्ष दिवशी कोणत्या क्रमाने विचार करायचा, एवढं इथे सांगतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : बर्फाबद्दल आपण फक्त अंदाज करू शकतो, उताराचा कोन मात्र मोजता येतो. अंदाज डळमळीत असेल त्या दिवशी निर्णय कोनावर सोडावा.

आधी हंगाम समजून घ्या

मुंबई-पुण्याहून जाणारा माणूस विमानाची तिकिटं काढतो आणि त्या आठवड्याचा हवामान अंदाज बघतो. ते पुरत नाही. डोंगरावरचा बर्फ म्हणजे नोव्हेंबरपासूनचा साठा असतो आणि फेब्रुवारीत तुमच्या स्कीखाली सुटणारा थर कदाचित डिसेंबरातच बिघडलेला असतो.

काश्मीरमध्ये बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांबरोबर, येतो. दोन विक्षोभांमध्ये कधी चार दिवस जातात, कधी तीन आठवडे कोरडे जातात. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हा चिल्लई कलान, चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ. समजा डिसेंबरात साठ सेंटिमीटर बर्फ पडला आणि मग आकाश निरभ्र राहिलं. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरापर्यंत जातो. म्हणजे साठ सेंटिमीटरमध्ये पंधरा अंशांचा फरक, दर दहा सेंटिमीटरला अडीच अंश. दर दहा सेंटिमीटरला साधारण एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की बर्फातली वाफ खालून वर सरकू लागते आणि कण एकमेकांना धरून राहायचे सोडून टोकदार, सुटे, रवाळ होतात. अशा बर्फाचा गोळा वळत नाही, बोटांमधून गळून जातो. थर जितका पातळ तितकं हे लवकर होतं. म्हणून ‘यंदा बर्फ कमी आहे, धोकाही कमी असेल’ हा हिशेब चक्क उलटा आहे.

निरभ्र, शांत रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे चमकदार स्फटिकही उगवतात. फोटोला सुंदर. पण पुढचा बर्फ त्यांना न मोडता त्यांच्यावर बसला, तर तो नाजूक थर आत गाडला जातो आणि कित्येक दिवस, कधी आठवडे, तसाच राहतो.

मग मोठा विक्षोभ येतो. रवाळ थरावर दोन दिवसांत मीटरभर नवा बर्फ बसतो, वारा तो दाबून घट्ट करतो, आणि तयार होतो स्लॅब. तिरप्या पाटावर साखर पसरून वर फरशी ठेवली तर जे होईल, तीच इथली अवस्था. फरशी काही काळ थांबते. तुमच्या वजनाने साखरेचा एक कोपरा खचतो, खचणं थरात सगळीकडे पसरतं आणि तुमच्या वर, खाली, बाजूला एकाच वेळी रेष फुटते. म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही सुटणाऱ्या तुकड्याच्या मधोमध असता. हिमस्खलनात सापडणाऱ्या स्कीअरांपैकी बहुसंख्यांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. डोंगर आपोआप अंगावर येतो ही समजूत आधी सोडून द्या.

म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर नोंद ठेवा : बर्फ कधी पडला, किती, मधे किती दिवस कोरडे गेले, वारा कुठून होता. पोचल्यावर पेट्रोलला आणि गाईडना पहिला प्रश्न हाच विचारा की या वर्षी तळाचा बर्फ कसा आहे.

आदल्या संध्याकाळची बैठक

हिमस्खलनाचे सरकारी इशारे चंदीगडची डिफेन्स जिओइन्फॉर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट तयार करते. पूर्वी हे काम सासे (स्नो अँड अ‍ॅव्हलांच स्टडी एस्टॅब्लिशमेंट) ही संस्था करायची. २०२० मध्ये ती या नव्या संस्थेत विलीन झाली. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण हे इशारे पुढे पाठवतं. त्यांची भाषा साधारण अशी असते : अमुक जिल्ह्यांत इतक्या मीटरच्या वर मध्यम किंवा उच्च धोका. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. हा इशारा जिल्ह्याचा आहे, रस्ते आणि वस्त्या डोळ्यांसमोर ठेवलेला आहे. तुमच्या उताराची दिशा, कोन, वारा त्यात नसतो. इशारा असेल तर तो पाळा. पण इशारा नाही याचा अर्थ परवानगी असा घेऊ नका. त्या हंगामात गुलमर्गचं स्थानिक बुलेटिन निघत असेल तर ते रोज वाचा.

मग नकाशा काढा. उतारांना कोनाप्रमाणे रंग देणारी अ‍ॅप्स आता फोनवर मिळतात. पंचवीस अंशांखालचे उतार क्वचित सुटतात. तीस ते पंचेचाळीस हा धोक्याचा पट्टा, आणि त्यातही पस्तीस ते चाळीस सगळ्यात वाईट. अडचण अशी की स्कीइंगला मजा नेमकी तिथेच येते. पन्नासच्या पुढे बर्फ फारसा साठतच नाही, थोडा थोडा घसरत राहतो. अ‍ॅपचा रंग हा सरासरी असतो. पंधरा-वीस मीटरचा एखादा उभा गचका तो सपाट करून दाखवतो, आणि स्लॅब सुटायला तेवढा गचका पुरतो. म्हणून नकाशाने ठरवायचं आणि जागेवर पुन्हा मोजायचं.

कोनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमच्या वर काय आहे. तुम्ही बावीस अंशांच्या सुरक्षित उतारावर असलात आणि वर अडतीस अंशांचं भरलेलं खोरं असलं, तर तुम्ही अडतीस अंशांवरच आहात असं धरा. खिलनमर्ग हे अफरवतच्या पायथ्याचं कुरण आहे, उन्हाळ्यात तिथे घोडे फिरतात. सपाट जागा म्हणून तिथे डबे उघडून बसायचं नाही.

बैठकीच्या शेवटी तीन वाटा ठरवा : पहिली पसंती, सौम्य पर्याय, आणि हवा बिघडली तर तपासलेल्या खोऱ्यातूनच खाली. कोणत्या खुणा दिसल्या तर पहिली वाट सोडायची, हेही आत्ताच ठरवा. वर पोचल्यावर समोर ताज्या, भुसभुशीत बर्फाची पावडर पसरलेली असताना माणूस वकिलासारखा युक्तिवाद करतो.

सामान, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी काही कटकटी

बीकन (गाडलेला माणूस सापडावा म्हणून सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं. प्रत्येकाकडे तिन्ही, आणि तिन्ही वापरता येणारी. दोन बीकन आणि चार माणसं, हा गट नव्हे. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो, जगातले सगळे आधुनिक बीकन एकमेकांना ऐकतात, त्यामुळे भाड्याने घेतलेलाही चालतो; पण जुना, एकाच अँटेनाचा असेल तर नको. बॅटरी कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच घाला. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा. फावडं धातूचं, प्लास्टिकचं फावडं घट्ट झालेल्या मलब्यावर नुसतं वाकतं. बीकन जॅकेटच्या आत, अंगाला बांधलेला. फोन आणि तापणारे हातमोजे त्याच्यापासून वीस सेंटिमीटर दूर, आणि शोध घेताना निदान अर्धा मीटर दूर किंवा बंद.

एअरबॅग, म्हणजे मूठ ओढली की पाठीवर फुगणारी पिशवी, उपयोगी आहे. मोठ्या हिमस्खलनात सापडलेल्यांचा मृत्युदर तिने साधारण निम्म्यावर येतो असं अभ्यासांत दिसलं आहे. पण झाडांवर आपटण्यापासून किंवा घळीत गाडलं जाण्यापासून ती वाचवत नाही. तिचं दाबाच्या गॅसचं नळकांडं विमानात न्यायचं असेल तर विमान कंपनीशी आधी लेखी बोला, विमानतळावर वाद घालून काही होत नाही.

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी खास : सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, आणि त्यासाठी लोकांना ताब्यात घेतलेलं आहे. आल्प्ससारखं हेलिकॉप्टर बोलावलं की येतं, हेही गृहीत धरू नका. गुलमर्गहून श्रीनगर सुमारे पन्नास किलोमीटर, तेही टंगमर्गच्या बर्फाळ घाटातून. नियंत्रण रेषा जवळ आहे, त्यामुळे धारेच्या पलीकडच्या बाजूला ‘जरा बघून येऊ’ म्हणून जायचं नाही.

आणि उंची. आज समुद्रसपाटीवर, उद्या जवळजवळ चार हजार मीटरवर, असं केलं की डोकं दुखतंच, शिवाय विचारही मंदावतो. पहिला दिवस गुलमर्गमध्येच, खालच्या उतारांवर घालवा. बीकनचा सराव त्याच दिवशी उरकतो.

सकाळी, गोंडोलाच्या रांगेत

रात्रीत किती बर्फ पडला ते प्रत्यक्ष मोजा. चोवीस तासांत तीस सेंटिमीटर किंवा जास्त पडला असेल तर त्या दिवशी उभे उतार बंद, यावर गटात चर्चासुद्धा नको. वादळानंतरचा पहिला निरभ्र दिवस गुलमर्गला सगळ्यात मोहाचा असतो. दोन-तीन दिवस बंद असलेला वरचा टप्पा उघडतो, रांग लागते, आणि प्रत्येकाला पहिली रेघ आपली हवी असते. डोंगरावर नवीन वजन तेव्हा नुकतंच येऊन बसलेलं असतं.

पेट्रोलच्या फलकावर धोक्याची पातळी बघा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच पातळ्या असतात आणि तिसरीला लोक मधली म्हणून हलक्यात घेतात. तिसऱ्या पातळीला माणसाच्या वजनाने हिमस्खलन सुटण्याची चांगलीच शक्यता असते, आणि तरीही लोक बाहेर पडतात. म्हणून तिथे मृत्यूही बरेच होतात.

गोंडोलातून वर जाताना गप्पा कमी करा आणि बाहेर बघा. ताज्या हिमस्खलनाची फुटलेली रेष कुठे दिसते का? कोणत्या दिशेच्या उतारावर? कुठलाही खड्डा खणून याहून भक्कम पुरावा मिळणार नाही. तशाच दिशेचा, तशाच उंचीवरचा उतार तुमच्या यादीत असेल तर तो खोडा. धारेवरून बर्फाचे पिसारे उडताना दिसले तर वारा माल हलवतोय. वारा आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने उतार भरतो. विक्षोभाबरोबरचा वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि अफरवतची स्कीइंगची बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे माल येऊन पडतो तो नेमका आपल्याच बाजूला, धारेच्या लगेच खाली.

वर उतरल्यावर बीकनची तपासणी. एकाने शोध-स्थितीत उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं, मग त्याचा स्वतःचा बीकन तपासायचा. दोन मिनिटं लागतात. दुसरा गट हसत पुढे निघून गेला तरी हे करा.

हद्द ओलांडल्यावर

पहिली पन्नास मीटर सौम्य उतारावर काढा आणि पाय व कान उघडे ठेवा. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खचला, किंवा स्कीच्या टोकापासून भेगा पळत गेल्या, तर डोंगराने उत्तर देऊन टाकलं आहे. मागे फिरा आणि सौम्य वाट धरा. पृष्ठभागाखाली पोकळ वाजणारा घट्ट बर्फ म्हणजे वाऱ्याचा स्लॅब. काठी उलटी करून मुठीच्या बाजूने आत ढकलत राहा : वर घट्ट, आत अचानक मोकळं लागलं तर संशय घ्या.

कोन मोजायला काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवा आणि तिच्यावर फोनचं कोनमापक धरा. काही दिवस आधी डोळ्याने अंदाज करा, मग मोजा. बहुतेकांचा डोळा पाच-सात अंशांनी चुकतो, आणि आपल्याला तीस व पस्तीसमधलाच फरक हवा असतो.

खड्डा खणून केलेल्या चाचण्यांविषयी थोडं स्पष्ट बोलतो. तीस बाय नव्वद सेंटिमीटरचा स्तंभ मोकळा करून त्याच्या एका टोकावर फावडं ठेवतात. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारतात. थर फुटून भेग स्तंभाच्या दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात गेली, तर वाईट लक्षण. कोर्समध्ये ही चाचणी शिकाच. पण तिचा उपयोग ‘नाही’ म्हणण्यासाठी आहे, ‘हो’ म्हणण्यासाठी नाही. वाऱ्याने दहा पावलांवर थराची जाडी बदललेली असते. एका खड्ड्याने संपूर्ण खोऱ्याला निर्दोष ठरवणारी माणसं मला घाबरवतात.

उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीचे सुरक्षित जागी, म्हणजे बाजूच्या उंचवट्यावर किंवा मार्गाबाहेरच्या दाट झाडांमागे, आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर. उताराच्या मध्यात थांबायचं नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवा. अरुंद घळी आणि नाले टाळा. तिथे लहानसं हिमस्खलनही दोन-तीन मीटर खोल गाडतं. गुलमर्गला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची : गोंडोला दर थोड्या वेळाने नवे लोक वर सोडत असतो. तुम्ही एकेकट्याने जाल, पण तुमच्या डोक्यावर अनोळखी पाच जण एकदम उतरतील. म्हणून खाली रेंगाळू नका.

फेब्रुवारी उजाडला की ऊन हिशेबात घ्या. पूर्वेकडच्या उतारांना ऊन सकाळीच लागतं. झाडांवरून बर्फ टपकायला लागला, उतारावरून गोळे गडगडत आले, घोट्यापर्यंत ओला बर्फ लागला, की तो उतार त्या दिवसापुरता संपला. मार्चमध्ये हे अकरालाच होऊ शकतं.

या सगळ्याइतकाच धोकादायक असतो आपला गट. अमेरिकन संशोधक इयन मॅकॅमन यांनी शेकडो अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याच त्या सवयी पुन्हा पुन्हा दिसल्या : उतार ओळखीचा आहे, ठरवून आलोय म्हणजे करायचंच, जाणता माणूस पुढे आहे म्हणून आपण गप्प, दुसऱ्यांच्या खुणा आहेत म्हणजे सुरक्षित. आपल्याकडे त्यात एक भर : सुट्टी मोजकी, खर्च मोठा, आणि ‘दादा म्हणतोय ना, चल’. नियम असा ठेवा की गटातल्या सगळ्यात नवख्या माणसाने नाही म्हटलं तरी ते ‘नाही’ असेल, आणि कारण त्याला तिथे द्यावं लागणार नाही. गाईड स्थानिक असेल तर त्याला स्पष्ट सांगा की मागे फिरलात तरी पैसे पूर्ण मिळतील. नाहीतर तुम्हाला खूश करायच्या दडपणाखाली तो निर्णय घेतो.

सुटलंच तर

सापडलेल्याने ओरडावं आणि वेग असेल तर तिरकं बाजूला निसटायचा प्रयत्न करावा. एअरबॅगची मूठ ताबडतोब ओढावी. काठ्या सोडाव्या, जमलं तर स्कीही, आणि वर राहण्यासाठी झगडावं. प्रवाह मंदावताच हात तोंडासमोर आणावे. थांबल्यावर बर्फ इतका घट्ट होतो की बोटही हलत नाही.

बाहेरच्यांचं घड्याळ सुरू होतं. पहिल्या दहा मिनिटांत काढलेले बहुतेक जण वाचतात, अशी स्वित्झर्लंडची अलीकडची आकडेवारी सांगते; पूर्वी हीच मुदत पंधरा ते अठरा मिनिटं धरत. त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. गावातून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे वाचवणारे तुम्हीच.

आधी थांबा, वर बघा : दुसरा स्लॅब लटकतोय का? एकाने सूत्रं घ्यायची. माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवायची. सगळ्यांचे बीकन शोध-स्थितीत; एकाचा जरी प्रक्षेपणावर राहिला तरी सगळे त्याच्याच मागे फिरतात. एकाने फोन करायचा, पण माणसं कमी असतील तर आधी शोध. मलब्यावरून साधारण चाळीस मीटर रुंदीच्या पट्ट्यात खाली जा, पृष्ठभागावर हातमोजा, काठी, स्की दिसते का ते बघत. सिग्नल मिळाला की बीकनवरच्या बाणामागे चला. त्यावरचा अंतराचा आकडा दहाच्या खाली आला की वेग कमी, तीनच्या खाली बीकन बर्फाला टेकवून अधिकच्या चिन्हासारखं उभं-आडवं फिरवून सगळ्यात लहान आकडा शोधा. तिथे प्रोब पृष्ठभागाला काटकोनात खुपसा, मग पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर गोलाकार बाहेर जात. लागला की प्रोब तिथेच राहू द्या.

सर्वाधिक वेळ खाते ती खणाई, आणि सरावात नेमकी तीच कुणी करत नाही. प्रोबच्या वरून सरळ खाली खणू नका. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आत शिरा. एक जण पुढे तोडतो, मागचे बर्फ मागे सारतात, मिनिटा-दोन मिनिटांनी जागा बदलतात. चेहरा आधी मोकळा करा, तोंडातला बर्फ काढा, श्वास बघा. श्वास नसेल तर आधी पाच कृत्रिम श्वास, मग छातीवर दाब. गुदमरणं हेच इथलं मुख्य कारण असतं. त्यानंतर आडवं ठेवून, धक्के न देता, ओले कपडे झाकून गरम ठेवा. अंग थंडगार लागतंय म्हणून प्रयत्न सोडू नका.

सगळे आपल्या पायांनी बाहेर आले तरी पेट्रोलला लगेच कळवा : कुठे सुटलं, कोणत्या दिशेच्या उतारावर, अंदाजे किती रुंद, आणि खाली कुणी नाही याची खात्री आहे का. दुरून ते पाहिलेल्या कुणीतरी आधीच फोन केलेला असतो, आणि कुणी गाडलंच गेलेलं नसताना शोधपथक त्या ताज्या मलब्यावर उतरायला निघालेलं असतं.